अम्मीचं हाड आणि कम्प्युटरचा हिशेब



मी डॉक्टर नाही, मेकॅनिकल इंजिनीअर आहे. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी गुडघ्याचे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येणार नाही. पण पूल किती वजन पेलेल याचं गणित आणि खुब्याचं हाड कधी मोडेल याचं गणित, दोन्ही एकाच घराण्यातली आहेत. विमानाच्या पंखांसाठी 1950 च्या दशकात वाढलेली ही पद्धत 1972 मध्ये हाडालाही लावली गेली.

ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होणं. त्यासाठी डेक्सा नावाची तपासणी करतात. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर येतो, म्हणजे तरुण निरोगी व्यक्तीच्या सरासरीशी केलेली तुलना. उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. अडचण अशी, की ज्यांचं हाड मोडतं त्यांच्यातल्या पुष्कळ बायकांचा आकडा या रेषेच्या वरच असतो. डेक्सा हाडाची सपाट सावली बघते. हाडात माल किती आहे ते कळतं, तो कसा रचलाय ते कळत नाही. तेवढ्याच मालाची भरीव काठी आणि पोकळ बांबू वाकवून बघा, फरक हातालाच कळेल.

म्हणून इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये आणि इटलीतल्या बोलोन्यामध्ये संशोधकांनी सीटी स्कॅनवरून त्या बाईच्या हाडाचीच प्रतिकृती कम्प्युटरमध्ये उभी केली. हाडाचे हजारो बारीक तुकडे कल्पायचे, स्कॅनमधल्या करड्या छटेवरून प्रत्येक तुकड्याचा कडकपणा ठरवायचा आणि मग त्या हाडाला कुशीवर पाडायचं. एकदा नाही, अनेक दिशांनी. दाबाखाली एखादा भाग एक टक्क्याच्या आसपास आक्रसला, की तिथे हाड मोडलं असं धरायचं. ताणाची मर्यादा त्याहूनही कमी. दान मिळालेली हाडं यंत्रात खरोखर मोडून हे गणित पडताळलेलं आहे.

मात्र केवळ यासाठी सीटी करून घ्यायला धावू नका, त्यात डेक्सापेक्षा किरणोत्सर्ग बराच जास्त असतो. दुसऱ्या कारणासाठी पोटाचा सीटी आधी झाला असेल, तर त्यावरूनही असं मॉडेल करता येतं.

आपल्या हातातलं साधन वेगळंच आहे, त्याचं नाव फ्रॅक्स. शेफील्ड विद्यापीठातूनच ते 2008 मध्ये आलं. तिथे हाडाचं चित्र लागत नाही, डेक्साचा आकडा नसला तरी चालतं. अनेक देशांतल्या हजारो लोकांच्या नोंदींवरून ते पुढच्या 10 वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत सांगतं. वय 40 ते 90, वजन, उंची आणि काही हो-नाहीचे प्रश्न.

मी अम्मीचा फॉर्म भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडकले. जन्मतारीख? आधार कार्डावर 1 जून. आपल्यातल्या किती जणांच्या आयांचा वाढदिवस 1 जूनला येतो, हात वर करा! मास्तरांनी शाळेत लिहिलेली ती तारीख, आणि या हिशेबात सगळ्यात मोठं वजन असतं वयाला.

पुढे, धूम्रपान करता का? नाही. पण अम्मी 40 वर्षं मिश्री लावते, त्याला रकानाच नाही. मग स्टिरॉइड. नाही, असं ती म्हणाली. सांधेदुखीसाठी बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या पुड्या तिने दोन वर्षं घेतल्या होत्या. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइडच निघतं. तिच्या पुडीवर नावच नव्हतं, मी काय लिहू?

आई किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, हा पुढचा प्रश्न. अम्मी म्हणाली, नाही, नानी अंथरुणाला खिळून गेली. मी 'नाही' लिहिलं. रात्री खालाला फोन केला, तर ती म्हणाली, अगं, मोरीत घसरून पडली ना! एक पाय आखूड दिसायला लागला होता, बाहेरच्या बाजूला वळला होता. हाडवैदाने तेल लावून बांधलं. एक्स-रे कुणी काढला नाही, त्यामुळे कागदावर ते हाड कधी मोडलंच नाही.

पडल्यानंतर आखूड झालेला, बाहेर वळलेला पाय ही खुबा मोडल्याची ओळखीची खूण आहे. डॉक्टरांशी बोलून मी 'नाही'चं 'हो' केलं. बाकी सगळं तेच होतं, तरी आकडा वर गेला.

आणखी एक. गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात, हे फ्रॅक्सच्या मूळ फॉर्ममध्ये विचारलेलंच नाही. ते मीच अम्मीला विचारलं. ती हसली, म्हणाली, पडले नाही गं, दोनदा फक्त बसले. दोन्ही वेळा पहाटे, वजू करताना, ओल्या फरशीवर. डॉक्टरांकडे जाताना मी आकड्याबरोबर हेही लिहून नेलं.