पुरःस्थ ग्रंथीचे औषध आणि सांगण्याचे पथ्य



भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्या वेळी विशीत असलेले जे तरुण विदर्भातून आणि देशाच्या इतर भागांतून कामासाठी येथे आले, त्यांनी आज वयाची पंच्याऐंशी ओलांडली आहे. त्यांच्या मागून आलेले अनेकजणही आता निवृत्त झाले आहेत. सायंकाळी सिविक सेंटरमध्ये अशी चार माणसे भेटली म्हणजे मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांची चर्चा मोकळेपणाने होते. एका दुखण्याचे नाव मात्र सहसा कोणी काढत नाही. रात्री तीनतीनदा उठावे लागणे, लघवीची धार मंदावणे, ती सुरू होण्यास वेळ लागणे, आणि होऊन गेल्यावरही मूत्राशय रिकामे झाल्यासारखे न वाटणे, या तक्रारी पुरुष वर्षानुवर्षे मनातच ठेवतात. पुढे औषध सुरू होते, तेही मनातच राहते. दुखणे लपविणे जितके घातक, तितकेच त्यावरील गोळी लपविणेही घातक आहे, हे आजच्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी होय. मूत्रमार्ग तिच्यामधून जातो. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. उतारवयात ती वाढू लागते आणि आतून जाणारा मार्ग दाबला जातो. पन्नाशीतील पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांच्या ग्रंथीत अशा वाढीच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली आढळतात, आणि पंच्याऐंशीच्या पुढे हे प्रमाण दहांपैकी नऊच्या घरात जाते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनाही मूत्र अडविणाऱ्या अशा गाठीची ओळख होती. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या प्रकारांत ‘वाताष्ठीला’ हे नाव येते, आणि अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. तेव्हा हा कोणाच्या वर्तनाचा दोष नसून वयाचा परिणाम आहे, ही गोष्ट प्रथम मनाशी पक्की केली पाहिजे.

दीर्घकाळपर्यंत या विकारावर शस्त्रक्रियेशिवाय फारसा उपाय नव्हता. १९७० नंतरच्या दशकात दोन वेगवेगळ्या शोधांनी औषधांचा मार्ग खुला केला. जेरुसलेम येथील शल्यचिकित्सक मार्को केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की ग्रंथीतील व मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू विशिष्ट चेतातंतूंच्या प्रभावाने आवळले जातात. हा प्रभाव रोखला तर मार्ग सैल होतो. दुसरा शोध लागला डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून. १९७४ साली ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील अशा पुरुषांचे वर्णन प्रसिद्ध केले, की ज्यांच्या शरीरात जन्मतः एक विकर कमी होते. पुरुष-संप्रेरकाचे अधिक प्रभावी रूपांतर या विकरामुळे घडते. या पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी मोठेपणीही लहानच राहिलेली आढळली. त्याच विकराला अडविणारे फिनास्टेराइड हे औषध १९९२ साली अमेरिकेत या विकारासाठी मान्य झाले.

आज दिल्या जाणाऱ्या औषधांचे दोन मुख्य वर्ग याच दोन शोधांवर उभे आहेत. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन, डॉक्साझोसिन आणि टेराझोसिन ही पहिल्या वर्गातील औषधे स्नायू सैल करतात. त्यांचा गुण काही दिवसांतच जाणवू लागतो, परंतु ग्रंथीचा आकार त्यांनी कमी होत नाही. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही दुसऱ्या वर्गातील औषधे ग्रंथी हळूहळू आक्रसवितात. त्यांचा पुरता गुण दिसण्यास सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. महिनाभरात ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून ती सोडून देणारा रुग्ण औषधाला पुरेशी संधीच देत नाही. ग्रंथी बरीच मोठी असल्यास दोन्ही वर्गांतील औषधे एकत्र दिली जातात. सुमारे तीन हजार पुरुषांवर साडेचार वर्षे चाललेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसून आले, की कोणत्याही एका औषधापेक्षा दोन्हींच्या जोडीने विकाराची वाढ अधिक रोखली जाते.

आता एका निवृत्त कामगाराचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. वय अडुसष्ट. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षे चालू आहे. शेजाऱ्याला ज्या गोळीने गुण आला तीच तो दुकानातून आणतो आणि घरात कोणाला सांगत नाही. पहिली चूक येथेच होते. लघवीच्या याच तक्रारी मधुमेहात, जंतुसंसर्गात, मूत्रमार्ग आकुंचित झाल्यास, मज्जातंतूंच्या विकारात आणि क्वचित कर्करोगातही होतात. त्यांचे कारण तपासणीवाचून ठरत नाही. औषधाच्या पाकिटावर ‘आरएक्स’ ही खूण आणि ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावे’ अशी सूचना असते, ती याचसाठी.

दुसरा प्रसंग त्याच रात्री ओढवू शकतो. पहिल्या वर्गातील औषधे रक्तवाहिन्याही काही अंशी सैल करतात. पहिल्या मात्रेनंतर, मात्रा वाढविल्यानंतर, किंवा काही दिवसांचा खंड पडून औषध पुन्हा सुरू केल्यानंतर माणूस एकदम उठून उभा राहिला तर रक्तदाब घसरून भोवळ येते. रात्री लघवीसाठी घाईने उठणारा वृद्ध अंधारात पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. रक्तदाबाची गोळी आधीच चालू असेल तर हा धोका वाढतो. भिलाईच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ पोचतो. घामाने शरीरातील पाणी कमी झाले असता तो आणखी वाढतो. म्हणून उठताना आधी बिछान्यात बसावे, मिनिटभर थांबावे, दिवा लावावा आणि मगच उभे राहावे. टॅमसुलोसिन रोज एकाच जेवणानंतर सुमारे अर्ध्या तासाने घेण्याचा प्रघात आहे. उपाशीपोटी घेतल्यास त्याचे रक्तातील प्रमाण अधिक चढते. त्याची कॅप्सूल फोडू अथवा चावू नये. एखादी मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. अनेक दिवसांचा खंड पडला असल्यास डॉक्टरांना विचारूनच पुन्हा आरंभ करावा. डॉक्साझोसिन आणि टेराझोसिन यांच्या बाबतीत तर पुन्हा अल्प मात्रेपासूनच सुरुवात करावी लागते.

काही आठवड्यांनी या माणसाचे नाक चोंदते. हा त्याच गोळीचा एक परिचित उपद्रव आहे. परंतु त्याला ती सर्दी वाटते. तो दुकानातून सर्दीची गोळी आणतो. अशा अनेक गोळ्यांत फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन आणि त्यांच्या जोडीला क्लोरफेनिरामिन असते. पहिली दोन औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात, आणि तिसरे मूत्राशयाचा जोर कमी करते. चिठ्ठीवरची गोळी जो मार्ग मोकळा करते तोच मार्ग सर्दीची गोळी अडविते, आणि लघवी अकस्मात पूर्णपणे बंद पडू शकते. पोट फुगून असह्य कळा येत असताना थेंबही बाहेर पडत नाही. अशा वेळी घरी आणखी एखादी गोळी घेत बसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेऊन नळीने मूत्राशय रिकामे करवून घ्यावे. सर्दीची गोळी विकत घेताना ‘प्रोस्टेटचे औषध चालू आहे’ एवढे एक वाक्य उच्चारले तर हा प्रसंग बहुधा टळेल.

याच न उच्चारलेल्या वाक्यामुळे इतरत्रही घोटाळे होतात. नायट्यासाठी दिले जाणारे इट्राकोनाझोल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, टॅमसुलोसिनसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. लैंगिक दुर्बलतेसाठी घेतली जाणारी सिल्डेनाफिल व टाडालाफिल ही औषधे रक्तदाब उतरवितात. टाडालाफिल तर २०११ पासून अमेरिकेत पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठीही मान्य आहे. ज्याला छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवण्याची नायट्रेट वर्गातील गोळी दिली आहे, त्याने ही औषधे कदापि घेऊ नयेत. दोहोंच्या संयोगाने रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत कोसळू शकतो. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांचीही माहिती डॉक्टरांना द्यावी. सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क जगभर या विकारासाठी खपतो. परंतु २०० हून अधिक पुरुषांवर वर्षभर चालविलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो निरौषध गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

पुढे डोळ्यात मोतीबिंदू होतो आणि शस्त्रक्रिया ठरते. डोळ्याच्या डॉक्टरांना लघवीच्या गोळीशी काय कर्तव्य, असे रुग्णाला वाटते. वस्तुतः २००५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड चँग व जॉन कँपबेल या नेत्रशल्यविशारदांनी दाखवून दिले, की टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी लहान होत जाते आणि बुबुळाचा पडदा ढिला पडून लहरतो. शल्यविशारदाला हे आधी ठाऊक असेल तर तो योग्य तयारी ठेवतो आणि शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते. ठाऊक नसेल तर डोळ्याला इजा होण्याचा संभव वाढतो. आयत्या वेळी गोळी बंद करून हा धोका निश्चितपणे टळत नाही. पूर्वी कधी घेतली असेल, तरीही ते सांगितले पाहिजे.

दुसऱ्या वर्गातील औषधांचे मौन अधिक काळ लपून राहते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचा माग काढण्यासाठी रक्तातील पीएसए या द्रव्याची तपासणी करतात. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने घेतल्यावर हा आकडा सुमारे निम्म्यावर येतो. अशा माणसाच्या अहवालात ३ असा आकडा आला, तर तो ६ इतका समजावा लागतो. गोळीची माहिती नसलेला डॉक्टर तोच आकडा पाहून ‘चिंतेचे कारण नाही’ असे म्हणेल, आणि रोग आत वाढत राहील. औषध चालू असताना हा आकडा खालून वर चढू लागला, तरी त्याची दखल घेतली पाहिजे. केस गळू नयेत म्हणून तरुण जे फिनास्टेराइड अल्प मात्रेत घेतात तेही हेच औषध होय, आणि पीएसए त्यानेही उतरतो.

ही औषधे घरातील इतरांशीही संबंध ठेवतात. गर्भातील मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीस त्यांच्यामुळे बाध येऊ शकतो. म्हणून घरातील गरोदर स्त्रीने फिनास्टेराइडची फुटलेली गोळी किंवा ड्युटास्टेराइडची गळकी कॅप्सूल हाताळू नये. हात लागलाच तर साबणाने धुवावा. रक्तदानापूर्वी फिनास्टेराइड थांबवून एक महिना, आणि ड्युटास्टेराइड थांबवून सहा महिने जावे लागतात. कामेच्छा मंदावणे, वीर्यस्खलनात फरक पडणे, स्तनात दुखणे अथवा गाठ येणे, मन उदास राहणे, असे काही आढळल्यास संकोचाने गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, पर्याय असतात. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, बेशुद्धी किंवा ओठ व चेहरा सुजणे ही लक्षणे मात्र त्वरित उपचाराची होत.

निवृत्त माणसाचे डॉक्टर अनेक असतात. एक कारखान्याच्या रुग्णालयातील, एक घराजवळचा, आणि मुलाकडे पुण्याला किंवा नागपूरला गेल्यावर तेथील तिसरा. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि व्यापारी नावे वेगळी. एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जाते. एकाच नावापुढे ‘डी’ किंवा ‘एफ’ एवढे अक्षर जोडले की आत दुसरे औषध मिसळलेले असते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. यावर उपाय साधा आहे. एका कागदावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि सुरू केल्याची तारीख लिहावी. रक्तदाबाची, मधुमेहाची, दुकानातून आणलेली आणि वैद्यांनी दिलेली औषधेही त्यात असावीत. तो कागद सदऱ्याच्या खिशात ठेवावा, आणि त्याची एक प्रत पत्नीपाशी किंवा मुलापाशी असावी.

कारखान्यात ज्यांनी आयुष्य घालविले त्यांना ही रीत नवी नाही. पाळी संपल्यावर भट्टीची स्थिती पुढच्या पाळीच्या माणसाला सांगितल्यावाचून कोणी घरी जात नसे. कोणता पंखा बंद आहे, कोणती झडप गळते आहे, हे सांगण्यात कमीपणा वाटत नसे. न सांगणे हाच गुन्हा होता, कारण त्याचे मोल दुसऱ्याच्या जिवाने द्यावे लागले असते. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाणे म्हणजे पाळी बदलणेच होय. भट्टीच्या बाबतीत जो दंडक चाळीस वर्षे पाळला, तो स्वतःच्या देहाच्या बाबतीत सोडण्याचे काही कारण नाही.