खुर्दा मोजायचा कुणी?



पानिपतानंतर दक्षिणेकडे निघालेल्या सावकारी पत्रात भाऊसाहेब आणि विश्वासराव मोती ठरले, सरदार मोहरा ठरले आणि शिपाई ठरले खुर्दा. खुर्द्याची तर गणतीच नव्हती. १४ जानेवारी १७६१ रोजी पडलेला विश्वासराव जेमतेम अठरा वर्षांचा होता. त्याच्या वयाची आणखी किती पोरं त्या दिवशी कापली गेली असतील! मराठी युद्धकवितेने पुढेही हाच हिशेब चालू ठेवला, असा कविसंमेलनाच्या अध्यक्षाच्या या खुर्चीचा जाहीर आरोप आहे.

झोंबला तर झोंबू द्या.

नेसरीच्या खिंडीत १६७४ साली सात जण शत्रूवर तुटून पडले. त्यांच्यावरची कुसुमाग्रजांची कविता गाणे होऊन घरोघरी पोचली. प्रतापराव गुजर सर्वांना ठाऊक झाले, उरलेल्या सहांच्या घरी कुणी डोकावले नाही. झाशीच्या राणीच्या समाधीपाशी भा. रा. तांब्यांनी आपल्या कवितेत वाटसरूला थांबवले. राणीचा दत्तक पुत्र दामोदरराव पारोळ्याच्या नेवाळकरांचा, तेव्हा या किल्ल्याच्या गावात त्या कवितेचा मान मोठाच. पण जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणीबरोबर जे स्वार पडले, त्यांच्यासाठी किती कविता लिहिल्या गेल्या?

याउलट इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन पहिल्या महायुद्धात स्वतः खंदकात लढला. देशासाठीचे मरण गोड मानणाऱ्या जुन्या लॅटिन वचनाला त्याने विषारी वायूने घुसमटणारा एक सैनिक दाखवून खोटे पाडले. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, पंचविसाव्या वर्षी, तो मारला गेला. घरी तार पोचली ती युद्ध थांबल्याच्या दिवशी.

हे परक्याचे दुःख वाटत असेल, तर माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे घ्या. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचा हा नाईक एकटाच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि तिथेच पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबरीचा पत्ता नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर. माणगावात पुतळा आहे. पुतळ्याला हार घालायला एक दिवस पुरतो. त्या बावीस वर्षांपुढे काय काय राहून गेले, हे लिहायला कवी लागतो, आणि तो आपल्याकडे बहुधा रणशिंग फुंकण्यात गुंतलेला असतो.

वीरमातेला अभिमान हवा असतो, असे कुणी म्हणेल. असतोच. पण अंत्ययात्रेतल्या घोषणा एका दुपारच्या. पुढची वर्षे तिची एकटीची. खानदेशाला हे शिकवायला नको. असोद्याच्या बहिणाबाईंनी आपले वैधव्य घरच्या बोलीत गायले, त्यासाठी त्यांना नगारा लागला नाही.

तेव्हा पारोळा तालुक्यातल्या कवींना विनंती, खरे तर ताकीदच: शहीद जवानावर कविता वाचायची असेल, तर आधी त्याच्या घरी जाऊन या. त्याचे नाव, गाव, वय आणि त्याने अर्धवट सोडलेले एक तरी काम सांगता येत नसेल, तर माइकपुढे येऊ नका.