शाईचे घराणे

कलकत्त्याच्या दक्षिण भागात जादवपूरला एक चौक आहे. लोक त्याला 'सुलेखा मोड' म्हणतात. बंगालीत मोड म्हणजे चौक. हे नाव कोणा पुढाऱ्याचे नाही, की देवतेचेही नाही. ते एका शाईचे नाव आहे. या शाईचा कारखाना येथे होता आणि त्याच्यावरून चौकाला ओळख मिळाली. 'सुलेखा' म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या शाईचा जन्म मात्र कलकत्त्याचा नव्हे. स्वदेशीच्या चळवळीत एक अडचण उभी राहिली होती. अंगात खादी असे, पण खिशातल्या झरणीत शाई विलायती असे. त्याच शाईने विलायती मालाच्या बहिष्काराची पत्रके लिहावयाची, हा विरोधाभास गांधीजींना खटकल्यावाचून कसा राहील? त्यांच्या इच्छेवरून सतीशचंद्र दासगुप्त यांनी 'कृष्णधारा' नावाची शाई सिद्ध केली. दासगुप्त हे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकल्समध्ये तयार झालेले रसायनज्ञ. पुढे ही विद्या ननीगोपाल आणि शंकराचार्य मैत्र या दोघा बंधूंच्या हाती आली, आणि १९३४ साली राजशाही येथे 'सुलेखा'चा आरंभ झाला. राजशाही आज बांगलादेशात आहे. दोघेही बंधू स्वातंत्र्याच्या चळवळीतले. भांडवल म्हणजे आईवडिलांच्या आयुष्याची पुंजी.

आता शाई ही दिसावयास साधी वस्तू. पण झरणीची शाई गाळ धरता कामा नये, निबाची जीभ तिने खाता कामा नये, आणि कागदावर उतरल्यावर तिने फुटता कामा नये. हे सगळे आरंभी घरातच साधावयाचे होते. घरातील स्त्रिया शाई तयार करीत आणि पुरुष ती विकीत. अशा घराण्यांच्या इतिहासांत संस्थापकांच्या तसबिरी असतात, सनावळ्या असतात. पण शाईने ज्यांची बोटे निळी झाली त्या सासवासुनांची गणती कोठे आढळत नाही. मला तरी ही मोठी उणीव वाटते.

श्रोत्यांना येथे आपल्या गिरगावाची आठवण झाली असेल. मुंबईत १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या बंधूंच्या साहाय्याने घोडा छापाच्या शाईच्या पुडीचा धंदा मांडला. पुढे 'कॅमल' शाई आली आणि 'कॅमलिन' हे नाव शाळकरी मुलांच्या दप्तरात जाऊन बसले. एकाच दशकात, देशाच्या दोन टोकांना, दोन बंधूंच्या जोड्या एकाच वस्तूच्या मागे लागाव्यात, हा योग मोठा मनोवेधक आहे. पण पुढे वाटा फुटल्या. दांडेकरांनी रंग, खडू, पेन्सिली यांचा पसारा वाढविला, म्हणून बॉलपेनचा तडाखा त्यांना सोसला. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने बहुसंख्य भाग घेतले. उंट मात्र राहिला.

सुलेखाचे तसे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर जादवपूरला ती भरभराटीस आली. बंगालमधल्या लेखकांच्या मेजावर तिची बाटली असे. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टींतही तिचा उल्लेख येतो. आणि १९८८-८९च्या सुमारास कारखान्याला कुलूप लागले. पुढली सुमारे सतरा वर्षे शाई नव्हती, पण चौकाचे नाव तसेच होते! बसमधून उतरणारा माणूस त्याच नावाने उतरत होता. कामगारांच्या संसारांना मात्र चौकाच्या नावाचा काय उपयोग?

याच शहरातील 'मार्गो' साबणाचे उलट झाले. खगेंद्रचंद्र दास यांनी अमेरिकेत रसायनशास्त्र शिकून १९१६ साली आपल्या सहकाऱ्यांसह कलकत्ता केमिकल कंपनी काढली. (रसगुल्ल्याचे के. सी. दास ते निराळे.) कडुनिंबाचा हा साबण आज ज्योती लॅब्जचा आहे. साबण उरला, घराणे बाजूस झाले. गौरमोहन दत्त यांच्या १९२९च्या 'बोरोलीन'ची हिरवी नळी तेवढी अद्याप दत्तांच्याच घरात आहे. तिच्यावरचा हत्तीही हललेला नाही.

मैत्र कुटुंबाने आपले नाव विकले नाही. २००६ साली त्यांनी कारखान्याचे दार पुन्हा उघडले. पण तोवर झरणीची शाई घेणार कोण? म्हणून घरगुती वापराच्या वस्तू आणि सौर दिवे यांच्यावर निर्वाह चालला. झरणीच्या शाईची मागणी पुन्हा आली ती २०२०च्या सुमारास, टाळेबंदीच्या वर्षात. झरणीने लिहिण्याची हौस असलेली तरुण मंडळी शाई मागू लागली. (आम्हां कचेरीतल्यांना याचे नवल वाटते, फायलीवर बॉलपेनने सही उरकणारे आम्ही!) तेव्हा सुलेखाच्या बाटल्या पुन्हा दुकानात आल्या. 'स्वाधीन' नावाचा संच आला तो खादीच्या पिशवीत घालून.