दुसरी चावी कुठे आहे?

गणपतीला मुंबईहून आमच्या पिंगुळीत चाकरमान्यांच्या गाड्या येतात, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांची दुसरी चावी मुंबईच्या कपाटातच राहिलेली असते. आज मला बोलायचं आहे ते त्या दुसऱ्या चावीबद्दल.

पूर्वी चावी हरवली तर कुडाळच्या बाजारात कानस फिरवून थोडक्या पैशांत नवी मिळायची. आता तशी करून घेतलीत तर दार उघडेल, पण इंजिन चालू राहणार नाही. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक चिप असते. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते, ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते, आणि तो पटला तरच गाडी सुरू होते. चोऱ्यांना आळा बसावा म्हणून युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना ही व्यवस्था, म्हणजे इमोबिलायझर, सक्तीची झाली. आपल्याकडेही ती आता रुळली आहे.

घरचा कुत्रा आठवा. परक्याने तुमच्यासारखा शर्ट घातला म्हणून तो भुंकायचा थांबत नाही, त्याला वास ओळखीचा लागतो. पण घरातल्या कुणी पाहुण्याला सोबत आणलं, हुंगू दिलं, की पुढच्या खेपेला तो शेपटी हलवतो. नव्या चावीचं प्रोग्रॅमिंग म्हणजे हे हुंगवणं. एक चालू चावी हातात असली की काम सोपं. घरचं कुणीच उरलं नाही, तर ओळख करून देणार कोण? मग गाडी टोइंग करून न्या, आरसी आणि ओळखपत्र दाखवा, पोलिसांत तक्रार नोंदवा, कंपनीकडून चावी येईपर्यंत थांबा. काही गाड्यांत तर इमोबिलायझरचा संचच बदलावा लागतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची नुसती चावीच पाच आकड्यांत जाऊ शकते. आणि हो, हरवलेल्या चावीचा वास कुत्र्याला विसरायलाही लावता येतो. तंत्रज्ञाला आठवणीने सांगा, जुनी चावी रद्द करून द्या.

म्हणून सांगतो, एक चावी हरवली की उरलेल्या एकीवर वर्ष काढू नका. ती हातात आहे तोवरच दुसरी करून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीही दोन्ही चाव्या मागते. चावी हरवल्यास वेगळं विमासंरक्षण मिळतं, तेही नूतनीकरणाच्या वेळी विचारा. भोगव्याला समुद्रात उतरताना रिमोट खिशात ठेवू नका, खारं पाणी आतलं सर्किट खातं. पण मूळ मुद्दा तोच. दुसरी चावी, आणि तीही गाडीबरोबर प्रवासाला, वेगळ्या माणसाच्या खिशात.

कुडाळ-सावंतवाडीतले आपले कारागीर चावी प्रोग्रॅम करण्याचं काम का करू शकणार नाहीत? यंत्रं बाजारात मिळतात. अडतं ते कंपन्यांकडच्या माहितीपाशी, आणि ती माहिती... पण मला वेळ संपल्याची खूण झाली आहे. एवढंच ऐका, नव्या गाडीच्या चावीला क्रमांकाची लहानशी पट्टी बांधलेली आली असेल तर ती फेकू नका. क्रमांक घरच्या वहीत उतरवा, पट्टी गाडीत ठेवू नका.