घरी आलेला विमानाचा पेटारा
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



या मंचावर दरवर्षी इतिहास, साहित्य, अध्यात्म यांवर विद्वान बोलतात. मी यांत्रिकीचा पदविकाधारक, राज्य शासनाच्या एका खात्यात भांडार सांभाळणारा माणूस. तेव्हा मी बोलणार पेटाऱ्याबद्दल. फक्त या पेटाऱ्यात विमान असतं.

हसू नका. अमेरिकेत घरी विमान बांधणं ही जुनी आणि कायदेशीर हौस आहे. ओरेगनमधल्या ऑरोरा गावी व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी आहे. तिचे सुटे भाग घेऊन लोकांनी बांधलेली ११ हजारांहून अधिक विमानं उडाली आहेत. नियम एवढाच, की निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्यांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर केलेलं असावं. माल टप्प्याटप्प्याने येतो: आधी शेपूट, मग पंख, मग धड. इंजिन वेगळं.

माझा भाचा ओहायोत असतो. त्याने असं दोन आसनी विमान घेतलं आणि पंखांचे पेटारे आले तेव्हा मला फोन केला, "मामा, तू स्टोअरवाला आहेस, यादी तू वाच." आपली रविवारची पोहे-जिलेबीची वेळ, तिकडे शनिवारची रात्र. मी छापलेली यादी घेऊन मोबाईलसमोर बसलो. शेजारी ताई, म्हणजे त्याची आई, गप्प.

पेटारा उघडण्याआधीच एक काम असतं. ट्रकवाला पावती पुढे करतो. कुठे फळी फुटलेली, कोपरा दबलेला दिसला तर ते पावतीवर लिहून मगच सही करायची. नंतर तक्रार करून फारसा उपयोग नसतो. झाकणाचे स्क्रू एकेक करून काढायचे, पहार घालायची नाही. कारण आतला पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ. तांबं मिसळलेला अ‍ॅल्युमिनियम मजबूत असतो, पण गंजतो लवकर, म्हणून त्याच्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. पहारीचं टोक घसरून खोल ओरखडा गेला की तो थर तिथे संपला.

मग कागद. पेटाऱ्यात विमान कमी आणि चुरगळलेला कागदच जास्त आहे असं वाटावं इतका! मोजणी संपेपर्यंत त्यातला एकही फेकायचा नाही. भाचा प्रत्येक कागद सरळ करून बघत होता. दुसऱ्या तासाला एका घडीतून बोटाएवढा कोन निघाला. मी यादीत खूण केली.

रिव्हेट तर हजारोंनी. ते कोण मोजणार? पन्नास मोजायचे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे आणि पिशवीच्या वजनावरून हिशेब करायचा. हे आम्हीही नट-बोल्टांचं करतो. पिशवीवरचा क्रमांक मात्र मला नवा होता. एएन ४२६ एडी ३-३.५ यातला ४२६ म्हणजे पत्र्यात सपाट बसणाऱ्या डोक्याचा रिव्हेट, ३ म्हणजे व्यास इंचाचा ३/३२, आणि ३.५ ही लांबी, इंचाच्या सोळाव्या भागांत. एडी ही मिश्रधातूची खूण. त्या रिव्हेटच्या डोक्यावर बारीक खळगा असतो, म्हणजे पिशवी फाटून माल मिसळला तरी डोळ्यांनी ओळखता येतो. असा विचार करून वस्तू बनवणाऱ्याला माझा नमस्कार.

चार तास झाले. पोहे गार. ताईने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं, "एवढं कशाला मोजतोस रे? कंपनीने मोजूनच पाठवलं असेल ना!"

मंडळी, हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलंय. 'माल तपासून बरोबर मिळाला' या ओळीखाली आपल्याकडे आधी सही होते, खोकं नंतर उघडतं, कधी उघडतच नाही. सही करणाऱ्याला त्या मालाशी पुढे काही देणंघेणं नसतं, हे खरं कारण. भाच्याचं तसं नाही. तोच मोजणार, तोच ठोकणार, वहीत तारीख-फोटोंसह नोंद तोच करणार. तपासनीस बघून जाईल, पण पुढचे साधारण २५ ते ४० तास चाचणीच्या उड्डाणांचे, तेव्हा हौसेने कुणाला शेजारी बसवता येत नाही. ताईला मी हे सांगितलं. ती काही बोलली नाही, पण उठून आत गेली नाही. उलट पुढच्या पिशवीचा क्रमांक तिनेच वाचला.

आपल्या मराठी माणसाने तर पेटाऱ्याविनाही विमान केलं आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. सरकारदरबारी त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. त्यांना यादी वाचून दाखवायला कुणी नव्हतं, कारण यादीच त्यांनी केली.

भाच्याच्या गॅरेजमध्ये सध्या पंखांच्या फासळ्यांच्या कडा घासणं चालू आहे. कंटाळवाणं काम आहे, तो रोज तासभर करतो. धडाचा पेटारा आला की यादी घेऊन ताई आणि मी पुन्हा बसणार आहोत. ज्यांना पेटाऱ्याचे फोटो बघायचे असतील त्यांनी आरतीनंतर थांबावं.

गणपती बाप्पा मोरया!