कोल्का: दोन कळसूबाई खोल दरी, आणि पाण्याची पाळी

आज आपण पेरूला जातोय. माचू पिचूला नाही हां, त्याच्या रील्स तुम्ही पुष्कळ बघितल्या असतील. आजचा विषय आहे दक्षिण पेरूतली कोल्का दरी.

आधी खोलीचं सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. काठावरच्या उंच शिखरांपासून तळातल्या नदीपर्यंत मोजलं तर साधारण ३,२७० मीटर. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी वरचं टोक जेमतेम काठाला लागेल. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या ही जवळपास दुप्पट. ‘जगातली सगळ्यात खोल दरी’ असं कुणी सांगितलं तर मात्र हसून सोडून द्या. त्याच आरेकिपा प्रांतातली कोताउआसी दरी हिच्यापेक्षा थोडी जास्तच खोल आहे.

आता उंचीचं बोलू, कारण इथं भल्याभल्यांची वाट लागते. आरेकिपा शहर आहे २,३०० मीटरवर. तिथून गाडी निघते, पठारावर विकुन्यांचे कळप दिसतात (उंटाच्या कुळातला, हरणासारखा नाजूक प्राणी), आणि मग पातापांपाची खिंड येते. उंची ४,९०० मीटर! आपल्या सह्याद्रीत कितीही गड केलेले असू देत, या हवेची सवय आपल्याला नसते. माझ्या बसमधला एक धिप्पाड जर्मन मुलगा खिंडीत फोटो काढायला उतरला आणि दोन मिनिटांत परत येऊन डोकं धरून बसला. माझंही डोकं ठणकत होतंच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. पहाटे तीनला उचलायचं आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं, अशी एक दिवसाची टूर मिळते. ती घेऊ नका. आरेकिपात दोन रात्री काढा, मग ३,६०० मीटरवरच्या चिवाय गावात एक रात्र. पहिल्या दिवशी हलकं जेवण, भरपूर पाणी, दारू नाही. सगळीकडे कोकाच्या पानांचा चहा मिळतो, तिकडे तो कायदेशीर आहे, खुशाल प्या. फक्त ती पानं बॅगेत टाकून भारतात आणू नका. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं.

कोंडोर पक्ष्याबद्दल थोडक्यात. क्रूस देल कोंडोर नावाच्या जागी सकाळी ऊन तापलं की दरीतून गरम हवा वर येते, आणि तिच्यावर हे पक्षी पंख न हलवता तरंगत वर येतात. पंखांचा विस्तार तीन मीटरच्या पुढे, वजन १५ किलोपर्यंत. एक अगदी माझ्या डोक्यावरून गेला आणि पंखांतून वारा कापल्याचा आवाज आला. फोनवर तो आवाज रेकॉर्ड झाला नाही.

पण मला खरं बोलायचंय ते दरीच्या काठच्या खोऱ्याबद्दल. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेती, त्यातले कितीतरी बांध इंकांच्याही आधीचे, आणि आजही वापरात. वरच्या भागात कोयागुआ, खालच्या भागात काबाना, असे दोन समाज. बायकांच्या टोपीवरून कोण कुठली ते कळतं: पांढरी गवती टोपी कोयागुआंची, भरतकामाची काबानांची. पूर्वी तर लहान मुलांची डोकी बांधून त्यांचा आकारच बदलत. कोयागुआंची उंच, काबानांची पसरट, आपापल्या पूज्य डोंगरासारखी. १५८६ च्या एका स्पॅनिश अहवालात हे लिहून ठेवलंय.

काबानांचा डोंगर म्हणजे उआल्का उआल्का. त्याच्या बर्फाचं पाणी काबानाकोंदे गावाला मिळतं, आणि त्यावर तिथला प्रसिद्ध मका पिकतो. पाणी कमी, शेतं जास्त, त्यामुळे पाणी पाळीनं. कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते ठरवायला गावानं नेमलेला माणूस असतो. मी ज्या घरी राहिलो तिथल्या आजोबांनी हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हा तर आपला पाटकरी! स्पॅनिशमध्ये ते सांगता सांगता माझी दमछाक झाली, पण आजोबांना कळलं.

मग त्यांनी वरच्या उतारावरचा काँक्रीटचा कालवा दाखवला. हा माखेस प्रकल्प. १९७०-८० च्या दशकांत सरकारनं कोल्काचं पाणी वरच अडवून, बोगदे आणि कालव्यांतून समुद्राकडच्या माखेसच्या वाळवंटात नेलं, तिथं नवी शेती उभी करायला. कालवा काबानाकोंदेच्या डोक्यावरून जायचा, आणि गावाला थेंब नाही. त्यात १९८३ चा भीषण दुष्काळ. पिकं जळतायत, वरून पाणी वाहतंय. शेवटी गावातल्या लोकांनी कालवा फोडला आणि पाणी शेतात घेतलं. पोलीस आले. पण गाव एकत्र उभं राहिलं, आणि अखेर सरकारला गावासाठी कालव्यातून कायमचं पाणी द्यावं लागलं. ज्यांनी हे केलं त्यांना गावात ‘अकरा वीर’ म्हणतात. त्या पाण्यावर कित्येक वर्षं ओसाड पडलेल्या पायऱ्या पुन्हा पिकाखाली आल्या.

आणि माखेसचे शेतकरी? तीही साधी माणसंच, त्यांचंही पोट त्याच पाण्यावर. आजोबांना मी हे विचारलं. ते म्हणाले, त्यांना पिऊ दे की, पण आमच्या दारावरून नेताना आम्हाला विचारा.

ट्रेकवाल्यांसाठी: काबानाकोंदेहून सांगाये या तळातल्या हिरव्या जागी उतरता येतं. उतरायला तीनेक तास, गुडघ्यांची परीक्षा. चढ मात्र अकराशे मीटरच्या आसपास, अंगावर येणारा, सावली नाही. पहाटे पाचच्या आत निघा. खेचर भाड्यानं मिळतं, लाजू नका. मे ते नोव्हेंबर कोरडा काळ. जानेवारी ते मार्चमध्ये पाऊस असतो, वाटा घसरतात.

वर पोचलात की दक्षिणेला धूर दिसेल, तो साबांकाया ज्वालामुखी. २०१६ पासून धुमसतोय. त्याच्याच आधीच्या एका उद्रेकाच्या राखेनं शेजारच्या आंपातो शिखराचा बर्फ वितळला, आणि १९९५ मध्ये तिथं पाचशे वर्षांपूर्वी बळी दिलेली एक इंका मुलगी सापडली. तिचं नाव ठेवलंय ह्वानिता. पुढच्या भागात तिच्याबद्दल, आरेकिपाहून.