मुखापासून जठरापर्यंत



मी मराठीचा अध्यापक. वैद्यकावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु 'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवली. दातांमुळे पोट बिघडते काय, याविषयी ती मूक आहे.

जठरव्रणाचे खापर पूर्वी तिखटावर आणि चिंतेवर फोडले जाई. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी त्यामागचा 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जंतू हुडकला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला आणि जठरदाह ओढवून घेतला! २००५ चे नोबेल पारितोषिक दोघांना लाभले.

याच जंतूचा माग पुढे दातांवरील कीटणात आणि हिरड्यांच्या खाचांतही लागला. औषधाने जठर निर्मळ झाले तरी तोंडातील साठ्यातून तो पुन्हा खाली उतरतो काय, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. मात्र जोडीने हिरड्यांचीही चिकित्सा केल्यास व्याधी उलटण्याचे प्रमाण घटते, असे काही अभ्यास सांगतात.

आपल्याकडे हिरडीतून रक्त आले तर लोक चूळ भरतात व कामाला लागतात. महाराष्ट्रात कित्येक स्त्रिया हिरड्यांवर भाजलेल्या तंबाखूची मिशरी घासतात, आणि वर तिलाच औषध म्हणतात. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त दातवणाचा विधी सांगताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे स्पष्ट बजावले आहे. गौतमपुऱ्याहून पोटाच्या तक्रारीसाठी इंदूर गाठणाऱ्यांनी तेथील शासकीय दंत महाविद्यालयाच्या पायऱ्याही त्याच फेरीत चढाव्यात, एवढी माझी विनंती आहे.